टाके घालून झाल्यावर

मी आरोग्य सेविका. परळच्या एका दवाखान्याच्या हद्दीत बरीच वर्षं घरोघरी फिरते आहे. पोलिओचा डोस, टीबीच्या गोळ्या, डेंग्यूच्या दिवसांत पिंपं उलटी करायला लावणं, हे माझं काम. "घरात ताप कुणाला आहे का?" हा प्रश्न इतक्या दारांत विचारलाय की कुणाच्या साखरपुड्याला गेले तरी तो ओठावर येतो. त्यामुळे आमच्या डॉक्टर मॅडमनी एका दुपारी आम्हा पाच जणींना बोलावून सांगितलं की आता आणखी एक प्रश्न विचारायचा आहे, तेव्हा मला वाटलं, आलं काहीतरी नवीन सर्वेक्षण.

मॅडम म्हणाल्या, "डेंग्यूचा पेशंट सापडला की तुम्ही काय करता?"

"आजूबाजूची घरं बघतो. पिंपं, कुंड्या, गच्ची."

"टीबीचा सापडला की?"

"घरातल्या सगळ्यांची तपासणी."

"आणि कुणी डोकं फुटून आला की?"

माझ्या शेजारची हळूच म्हणाली, "टाके घालतो. पोलिसांना कळवतो."

"मग?"

"मग तो घरी जातो."

"तो घरी जातो," मॅडम म्हणाल्या, "आणि थोड्या दिवसांनी त्याच गल्लीतून दुसरा येतो. आधीच्याला मारणारा, नाहीतर त्याचा भाऊ. त्यालाही आपण टाके घालतो."

महापालिकेनं एका वर्षापुरता निधी दिला होता. मोजक्या वॉर्डांत करून बघायचं. मारामारीकडे गुन्हा म्हणून बघायला पोलीस आहेतच, आपण तिच्याकडे साथीसारखं बघायचं. ती कुणापासून कुणाकडे गेली, आता कुणाकडे जाणार, आणि ती पोचायच्या आधी आपण पोचू शकतो का. दुसऱ्या शहरांत असे प्रयत्न झालेत, असंही मॅडम म्हणाल्या. घरी येऊन सांगितलं तर माझा नवरा हसायला लागला. "रागावर काय गोळी देणार तुम्ही?" मला हसू आलं नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तापाचा माणूस मी लांबून ओळखते. उद्या मारायला निघणारा माणूस आज कसा दिसतो?

आम्हाला प्रत्येकीला एक जोडीदार मिळाला. तो वस्तीतलाच हवा आणि पोरं ज्याचं ऐकतात असा हवा, एवढीच अट होती. माझ्या वाट्याला आले लालबागला मसाला कुटून देण्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ. पन्नाशीचे, मूळचे मालवणकडचे. तरुणपणी त्यांनी पुष्कळांना मारलं होतं, पुष्कळ मारही खाल्ला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. ती तलवारीच्या घावात गेली असं लोक सांगायचे. मी पहिल्याच दिवशी विचारून टाकलं.

"खंयची तलवार गो बाय!" ते म्हणाले. "मशीनच्या पट्ट्यात गेली. पण लोकांका तलवार आवडता, मगे मी कित्याक सांगू?"

मी त्यांना दादा म्हणायला लागले.

पहिले दोन महिने आम्ही नुसती दारं बघितली. लोक विचारायचे, "पोलिसांनी पाठवलंय का?" एका बाईनं तर स्वच्छ सांगितलं, "फवारणी करायची असेल तर आत या, नाहीतर आमचं आम्ही बघू." मग मी माझी जुनी पद्धत धरली. आधी म्हातारीचं बीपी विचारायचं, बाळाचं कार्ड बघायचं, पाणी मागायचं, आणि मग ज्याच्या डोक्याला पट्टी आहे त्याच्याकडे वळायचं. दादा बाहेर गॅलरीत उभे राहून मुलांशी बोलायचे. आमच्याकडे एक फॉर्म होता. जखमी माणसाचे भाऊ, चुलतभाऊ, मित्र; त्यांच्यापैकी कुणी बदल्याची भाषा करतो का; धोका जास्त, मध्यम, कमी.

एप्रिलमध्ये लालबागचा एक केसपेपर आला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, बाइकवरून घरपोच किराणा पोचवणारा. इमारतीखाली बाइक लावण्यावरून समोरच्या इमारतीतल्या एका मुलाशी बाचाबाची झाली होती, आणि त्या मुलानं हेल्मेट काढून याच्या कपाळावर हाणलं होतं. भुवईच्या वर सात टाके. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेलो.

तो पंख्याखाली आडवा पडून मोबाइल बघत होता. आई स्वयंपाकघरात होती, आणि मोठी बहीण दाराशी बसून बुटांच्या नाड्या ओवत होती. मी विचारलं तसा तो उठून बसला. "मावशी, माझं काही म्हणणं नाही. तो पण चुकला, मी पण चुकलो. मी शिव्या दिल्या होत्या. मला फक्त कामावर जायचंय."

त्याचे दोन चुलतभाऊ माटुंग्याला कॉलेजात होते. दादांनी त्यांना फोनवर गाठलं. ते बोलले खूप, पण त्यांची परीक्षा तोंडावर होती. मित्रही शांत होते. मी फॉर्मवर "धोका कमी" असं लिहिलं आणि निघाले.

जिन्यात त्या मुलाची आई मागून आली. हातात कोकमाची पिशवी होती. "हे घेऊन जा, गावचं आहे," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात देताना आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, पोराचं सोडा. माझ्या पोरीचं बघा."

"काय झालं?"

"दोन दिवस जेवली नाही. तो मुलगा कामावरून किती वाजता सुटतो ते विचारत फिरतेय."

मी तिथंच फॉर्म काढून परत वाचला. भाऊ, चुलतभाऊ, मित्र. बहिणीसाठी ओळच नव्हती. आणि ती माझ्यासमोर बसून बुटाच्या नाड्या ओवत होती, तेव्हा मी तिला एक शब्दही विचारला नव्हता.

ती कबड्डी खेळायची. दादरला एका क्लासमध्ये रिसेप्शनवर काम करायची आणि संध्याकाळी परळच्या एका मैदानावर सरावाला यायची. दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन कठड्यावर बसले. तिनं मला ओळखलं. सराव संपल्यावर टॉवेलनं मान पुसत माझ्यापाशी आली.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

"तू काय करणार आहेस ते विचारायला."

ती माझ्या शेजारी बसली. "शुक्रवारी जाणार आहे. आम्ही चौघी. तो गिरगावात चष्म्याच्या दुकानात असतो, साडेसहाला सुटतो. मी डाव्या कोपऱ्यात पकडीला असते, मावशी. एकदा पाय धरला की माझ्या हातून कोणी सुटत नाही."

"आणि धरल्यावर?"

"हात जोडायला लावणार. रस्त्यात. सगळ्यांसमोर."

मला वाटलं होतं, ती म्हणेल तोंड फोडणार, डोकं फोडणार. हात जोडणं कुठून आलं? मी तसंच विचारलं. तिनं मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी वरच्या गॅलरीतून काढलेला. तिचा भाऊ जमिनीवर बसलेला, एक डोळा रक्तानं बंद, आणि दोन्ही हात जोडलेले. मागे कुणीतरी गाणं लावलं होतं. आधी तो कुणाच्या तरी स्टेटसवर होता, मग तिथून फिरत सुटला.

"हा माझ्या टीमच्या ग्रुपवर आला," ती म्हणाली. "एका मुलीनं खाली हसण्याचं चित्र टाकलं. तिला माहीत नव्हतं माझा भाऊ आहे ते. मी पण काही बोलले नाही. मी पण बघून गप्प बसले."

सात टाक्यांबद्दल ती एकदाही बोलली नाही. मी तिला समजावायला गेले नाही, कारण समजावण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत मला वेळ दे."

"तुम्ही काय करणार?"

"मला त्या मुलाला बघायचंय."

गुरुवारी दुपारी मी आणि दादा गिरगावात गेलो. माझ्या मनात त्या मुलाचं एक चित्र होतं, दांडगा, केस वाढवलेला. दुकानात एक काटकुळा मुलगा काचा पुसत बसला होता. त्यानं दादांकडे बघितलं, मग त्यांच्या अर्ध्या बोटांकडे, आणि उठून भिंतीला टेकला. त्याला वाटलं, मारायला माणूस आला.

"भिया नको रे," दादा म्हणाले. "मी आता मसालोच कुटतंय."

मालकानं दहा मिनिटं सोडलं. आम्ही बाजूच्या पायरीवर चहा घेतला. मी सांगितलं की मी दवाखान्यातून आले आहे आणि मला फक्त विचारायचंय की तो कसा आहे. हे विचारल्यावर त्याला रडूच येईल की काय असं वाटलं. तो चार दिवस घरी गेला नव्हता, इथंच मावशीकडे राहत होता. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, सोडणार नाही, बघून घेऊ. कोण येणार हे त्याला माहीत नव्हतं, पण कुणीतरी येणार याची खात्री होती.

"मग तू काय ठरवलंस?" मी विचारलं.

त्यानं सॅकची चेन थोडी उघडली. आत डब्याशेजारी वीतभर लांबीचा पेचकस होता. "कुणी अंगावर आलं तर," तो म्हणाला.

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. उद्या साडेसहाला या फुटपाथवर चार मुली येणार होत्या, आणि त्यातली एक त्याचे पाय धरणार होती.

त्याला मी त्यातलं काही सांगितलं नाही. व्हिडिओचं विचारलं. तो त्यानं काढला नव्हता, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या एकानं काढला होता. त्या माणसाच्या वडिलांचा मसाला दादांकडेच कुटला जायचा. दादा तसेच उठून गेले. संध्याकाळपर्यंत दोन ग्रुपमधून तो व्हिडिओ काढला गेला. सगळीकडून गेला असं मी म्हणणार नाही. तसा तो जात नाही, एवढं मलाही कळतं.

चष्म्याच्या दुकानातल्या त्या मुलाला दादांनी उठतानाच एकच सांगितलं होतं, "उद्या दुपारी माझ्या दुकानात ये. त्या पोराक भेट. मी असतंय थंय." बहिणीशी मी बोलले. ती म्हणाली, "तो आला नाही तर मी साडेसहाला गिरगावात." मी म्हटलं, "ठीक आहे." दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं म्हणून दादांनी ती वेळ दिली होती. पण दिवस मसाल्याचे. नेमकी एक बाई पाच किलो मिरची घेऊन आली आणि लग्नघर आहे म्हणून हटूनच बसली. मशीन चालू झालं आणि आम्ही सगळे शिंकायला लागलो. त्यातच तो मुलगा आला. मग ही बहीण, आणि तिच्यामागून तिचा भाऊ, कपाळावर पट्टी. चौघी येतील अशी मला धास्ती होती, पण तिनं बाकीच्यांना आणलं नव्हतं. ते बघून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला आणि मला जोरात ठसका लागला.

दादांनी मशीन बंद केलं. तो मुलगा भावासमोर उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मिरचीनं की खरंच?" बहिणीनं विचारलं.

"दोन्ही."

लग्नघरची बाई हसली आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळली. बहीण हसली नाही. ती एक पाऊल पुढे झाली. "हात जोड."

तो मुलगा तसाच उभा. त्याचे हात थोडे वर आले. मी दादांकडे बघितलं, दादांनी माझ्याकडे. आमच्या फॉर्ममध्ये, प्रशिक्षणात, कुठंच हे नव्हतं.

"नको," भाऊ म्हणाला. "ताई, नको. मला नाही आवडलं ते. त्याला पण नाही आवडणार."

ती वळली आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले. ती शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून रडत होती. डोळे पुसून म्हणाली, "मला त्या मुलाचा राग नाहीच आहे. याचा आहे. यानं का जोडले हात?"

"त्याला विचारलंस?"

तिनं मान हलवली. विचारलं नव्हतं. सगळ्या वस्तीनं तो व्हिडिओ बघितला होता, आणि त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिनं त्याच रात्री विचारलं. टाके काढायला दोघं एकत्र आली तेव्हा तिनं मला सांगितलं. डोळ्यात रक्त गेलं होतं, समोर काही दिसत नव्हतं, आणि पुढचा फटका कुठून येणार ते कळत नव्हतं, म्हणून त्यानं हात जोडले. "मी पण जोडले असते," ती म्हणाली.

पेचकसाचं राहिलं. दुकानातून निघताना दादांनी त्या मुलाला म्हटलं, "तो तुझो पेचकस ठेव हंयसर. माका मशीनीक लागता." त्यानं मुकाट्यानं काढून ठेवला.

सगळंच असं झालं नाही. भोईवाड्यात दोन घरांचा सामायिक गॅलरीवरून वाद होता. आम्ही दोनदा गेलो, तावातावानं बोलणाऱ्या थोरल्या मुलाशी तासभर बोललो, तो निवळलाही. त्याच्या मागे पाटावर बसून पेपर वाचणाऱ्या काकांशी मी दोन शब्द बोलले, तेही गुडघेदुखीबद्दल. तिसऱ्या दिवशी त्या काकांनीच शेजाऱ्याला लोखंडी पाइपनं मारलं. शेजाऱ्याचा एक डोळा गेला. मी अपघात विभागाच्या बाकावर त्याच्या बायकोशेजारी बसले होते. तिला मी ओळखीची वाटले, पण कोण ते आठवेना. मीही सांगितलं नाही. दादांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

त्या आठवड्यात मी आईकडे नायगावला गेले होते. मी लहान असताना आमच्या चाळीत नळावरून भांडण झालं होतं आणि माझ्या वडिलांना दोघांनी मारलं होतं, एवढं मला अंधुक आठवत होतं. पुढं काय झालं ते मी कधीच विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"काही नाही झालं," आई म्हणाली.

"का नाही झालं? बाबा तर तापट होते."

आई भाजी निवडत होती. "समोरच्या खोलीतली म्हातारी आपल्या उंबऱ्यात येऊन बसली. तीन दिवस. आपलेच तांदूळ मागून घेतले आणि निवडत बसली. ते बाहेर पडायला लागले की म्हणायची, कुठं चाललास रे, मला पाणी दे आधी. पाणी दिलं की म्हणायची, बस जरा. तिला ओलांडून कसे जाणार?"

"तिला कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? समोर राहायची ना, तिला दिसत होतं."

तिसऱ्या दिवसानंतर काय झालं, असं मी विचारलं. आई म्हणाली, "चौथ्या दिवशी यांची पाळी बदलली. मग राहून गेलं." राहून गेलं, हे शब्द मी बरेच दिवस मनात घोळवले.

वर्ष संपत आलं तेव्हा निधी पुढं चालू ठेवायचा की नाही यावर वॉर्ड ऑफिसमध्ये बैठक झाली. मॅडम आम्हालाही घेऊन गेल्या. मोठं टेबल, पलीकडे पाच-सहा अधिकारी. मॅडमनी सगळं मांडलं. एका साहेबांनी चष्मा वर करून थेट मलाच विचारलं, "तुम्ही गेला नसता तर लालबागची ती मारामारी झालीच असती, हे कशावरून?"

त्यांचा प्रश्न टाकून बोलल्यासारखा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मलाही तोच प्रश्न वर्षभर पडला होता. मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब. पण मी ज्या बाळांना पोलिओचा डोस दिला, त्या प्रत्येकाला पोलिओ झालाच असता असंही नाही ना."

ते काहीतरी लिहून घ्यायला लागले. त्यांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "आणि जिथं जमलं नाही असं काही?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी भोईवाड्याचं सांगितलं, डोळ्यासकट, काकांच्या गुडघेदुखीसकट. परत येताना मला वाटत होतं, मीच घालवलं सगळं. मॅडम टॅक्सीत एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत."

आणखी एका वर्षासाठी मंजुरी आली. एक वॉर्ड कमी झाला, पाच जणींतल्या आम्ही तिघी राहिलो. फॉर्म नवीन आला. त्यात आता विचारायचं आहे, घरातल्या बायकांशी वेगळं बोललात का, आणि जो बोलत नाही त्याच्याशी बोललात का. या दोन ओळी मी मॅडमच्या मागे लागून घालून घेतल्या.

जोडीदारांमध्ये एखादी मुलगी असावी असं मॅडमच्या मनात होतं. मी त्या कबड्डीवालीला विचारलं.

"मला राग येणार नाही असं लिहून द्यावं लागतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग विचार करते," ती म्हणाली.

अजून तिनं हो म्हटलेलं नाही. पण मागच्या सोमवारी चिंचपोकळीला एका घरी जायचं होतं, तर म्हणाली, बघायला येते. मी आत एका मुलाच्या हाताचं प्लास्टर बघत होते, तेव्हा ती दारातच त्याच्या आजीशेजारी बसून राहिली. निघालो तेव्हा जिन्यात मला म्हणाली, "मावशी, आजी एकदाही बोलली नाही. पण मुठी आवळून बसली होती. आपण उद्या परत येऊ या का?"